एका हाताचं ओझं

मान वर करा मित्रांनो. अजून थोडी. छताखालच्या लोखंडी गर्डरला जी लटकली आहे ना, तीच मी, या वर्कशॉपमधली जुनी चेनपुली. बघा खुशाल, पण बाजूला उभं राहून बघा. माझ्या हातून आजवर एकही ओझं सुटलेलं नाही, तरी माझ्याखाली कुणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझी एकेक कडी वाकवून जोडली, ताणून पाहिली, आणि मगच माझ्या पोटावर ‘एक टन’ असा ठसा उमटवला. तो ठसा शोभेचा नाही. त्याहून जास्त माझ्याकडून मागायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मला दोन साखळ्या आहेत. बारीक साखळी माणसाच्या हातासाठी, जाड साखळी ओझ्यासाठी. बारीक साखळी हातभर ओढली तरी ओझं जेमतेम नखभर वर सरकतं. काहीजण मला गोगलगाय म्हणतात. म्हणू देत बापडे! त्या संथपणामुळेच एकटा माणूस एका हाताने अख्खं मशीन उचलतो. वर माझ्या पोटात ब्रेकही आहे. साखळी सोडून दिली तरी ओझं जिथल्या तिथे थांबतं.

मला इथे आणलं मोठ्या मिस्त्रींनी. त्यांची एक सवय होती. ओझं टीचभर उचलायचं, साखळी सोडायची, आणि हात मागे बांधून ओझ्याभोवती एक फेरी मारायची. पट्टा सरकला का, हुकाच्या तोंडावरची पट्टी नीट बसली का, ओझं तिरकं तर नाही ना, सगळं बघायचं. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, “चल बाई.” संध्याकाळी तेलाच्या फडक्याने माझी साखळी पुसायचे. खरं सांगते, माझा त्यांच्यावर फार जीव होता.

मिस्त्री गेले आणि काम दोन मुलांकडे आलं. दादा मशीन खोलतो. धाकटा मोटारींचं वाइंडिंग भरतो. त्याच्या बोटांवरून तांब्याची तार अशी फिरते की बघत राहावं. घर चालतं ते त्या बोटांवरच. मला चालवते ती दादाची बायको. सगळं वर्कशॉप तिला वहिनीच म्हणतं. ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. या भावांनी तर मध्यंतरी माझ्या हुकाला सायकल टांगली होती, एकदा ओले कपडेसुद्धा वाळत घातले होते. वहिनीनेच ते काढून फेकले आणि दोघांना चांगलं फैलावर घेतलं.

दोघा भावांचं कधी भांडण होत नाही. पण ते एकमेकांना काही विचारतही नाहीत. दादाला वाटतं, धाकट्याने केलंच असणार. धाकट्याला वाटतं, दादा विसरणं शक्यच नाही. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं काहीतरी दोघांच्या डोक्यात बसलं होतं. मी वरून बघायचे आणि मनात म्हणायचे, हे एक दिवस अंगाशी येणार.

तो दिवस आलाच. कोपऱ्यातलं जुनं प्रेस मशीन विकलं होतं. टेंपो दारात उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खात होता. मशीन जमिनीला बोल्टने आवळलेलं. पुढचे नट दादाने काढले, मागचा धाकट्याने. भिंतीलगतच्या कोपऱ्यातला नट मात्र रंगाच्या आणि ग्रीसच्या थराखाली दडला होता, आणि तो कोपरा कुणाच्या वाटणीचा हे कुणी ठरवलंच नव्हतं.

वहिनीने मशीनला पट्टे घातले, मला बरोबर वरती आणून उभं केलं आणि साखळी ओढली. कट, कट, कट. मशीनची एक बाजू बोटभर उचलली गेली. धाकटा खाली बसला आणि लाकडाचा ठोकळा सरकवायला त्याने त्या फटीत बोटं घातली. तेवढ्यात साखळी जड झाली.

“सरक, मी पण धरतो,” म्हणत दादा आला आणि दोघं मिळून ओढू लागले.

मित्रांनो, ओझी मी जन्मभर उचलली आहेत. ओझं कितीही जड असलं तरी ते वर यायला तयार असतं. हे तयार नव्हतं. हे लोक मला मशीन नाही, जमीन उचलायला सांगत होते! माझा हूक उघडायला लागला. तो निसटला असता किंवा तो बोल्ट तुटला असता, तर मशीन हिसका घेऊन खाली बसलं असतं, थेट त्या बोटांवर. मी भ्याले नाही, पण ओरडता येत नाही याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

वहिनीने साखळी सोडली.

“सोडा अहो.”

“अगं, जरासंच राहिलंय. लाव जोर.”

“सोडा म्हणते ना. मामंजी एकट्याने उचलायचे. आपल्याला दोघं का लागतायत?”

दादाचे हात थांबले. माझ्या ब्रेकने ओझं धरून ठेवलं.

“भाऊजी, आधी हात बाहेर काढा.”

धाकट्याने हात काढला. मग वहिनीने बारीक साखळीची दुसरी बाजू ओढून मशीन हळूच खाली टेकवलं आणि विचारलं, “भिंतीकडचा नट कुणी काढला?”

“दादाने,” धाकटा म्हणाला.

“याने,” दादा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादाने खरवडून पाहिलं, तर नट जागच्या जागी घट्ट. तो बराच वेळ धाकट्याचा हात हातात धरून बसून राहिला.

वहिनीने माझा हूक तपासला. त्याची पट्टी आता तोंडावर बसत नव्हती. तिने टेंपो परत पाठवला आणि ड्रायव्हरची कटकट ऐकून घेतली. मला खाली उतरवलं, तेव्हा वाटलं, झालं, आता भंगारात. पण मला दुरुस्तीला नेलं. कडी न् कडी तपासली, नवा हूक बसवला, ओझं लावून पारख केली. परत आले तेव्हा पहिलं काम तेच मशीन होतं. वहिनीने ते टीचभर उचललं, फेरी मारली आणि म्हणाली, “चल बाई.” एका हाताने गेलं वर!

वाकडा हूक आता दाराशी ठोकलाय. धाकटा त्याला डबा अडकवतो. आणि काही उचलायचं असलं की दादा मोठ्याने विचारतो, “मागचा नट?” धाकटा तितक्याच मोठ्याने म्हणतो, “काढला. तू पण हात लावून बघ.” आणि दादा बघतो. दोघांच्या प्रेमात काडीचा फरक पडलेला नाही.

मला तेल द्या, माझी साखळी पुसा, माझ्यावर कपडे वाळत घालू नका, हे तर आहेच. पण एवढं एक माझं ऐका. एकट्याच्या हाताला मी जड लागले, तर ओढायला दुसऱ्याला बोलावू नका. साखळी सोडा आणि त्याला बघायला बोलावा. तोवर ओझं मी धरून ठेवते.