आजींच्या नंबरवर अडकलेला

काळा डबा. शेरडाच्या कानातली गोचीड. हळदीचं बोट. एक चाक, नखाच्या कडेएवढं. लोखंडी कपाटाचा मधला खण.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची सुटी खिडकी असते, व्ह्यूफाइंडर म्हणतात, तो मी. उन्हात कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा काळा पडतो. तेव्हा लोक मला डोळा लावतात आणि माझ्या पोटातल्या इवल्या पडद्यावर त्यांना चित्र दिसतं. मला स्वतःला डोळा नाही. कॅमेरा दाखवील तेवढंच माझं जग. त्याच्यावरून उतरवलं की काळा डबा आणि अंधार.

भोरची कोमल लग्नांचे फोटो काढते. दुपारच्या हळदीला मी. ऊन उतरलं की फ्लॅश, आणि तो बसतो माझ्याच खाचेत. म्हणून हळदी मी पुष्कळ पाहिल्या, लग्न एकही नाही.

डबा.

मग एका सकाळी वेल्ह्याच्या वरची वाडी. तिथे कोमलच्या आजी, भागूबाई, शेळ्या राखतात. त्यांना लांबचं दिसेनासं झालं होतं, पण त्या बोलत नव्हत्या. घुंगराच्या आवाजावरून शेळी ओळखायच्या. कोमलच्या वडलांना, सोमेश्वरना, संशय आला. त्यांनी एका शेळीचं घुंगरू गुपचूप काढलं, तिला ओढ्यापलीकडे बांधलं आणि परत येऊन विचारलं.

"आये, ती कंची?"

"काबरी."

"काबरी तुज्या मागं उबी हाय. आता इकूया सगळी. बिबट्या आला तर कळंल का तुला?"

"वास येतूय त्याचा. तुला भोरात ऱ्हाऊन शेरडाचाबी येईना झालाय."

"चेष्टा नगं, आये. चल आमच्यासंगं."

"तितं काय करू? ग्यालरीत बसून गाड्या राखू?"

एवढं बोलून त्या खाली बसल्या. तोंड फिरवलं.

कोमलने मला कॅमेऱ्यावर चढवलं, भिंग ओढ्यापलीकडच्या शेळीवर रोखलं आणि कॅमेरा त्यांच्या हाती दिला. "आजे, ह्यातनं बघ बरं."

"समदं धुकंच हाय की गं."

पण आजींचा हात रिकामा राहत नाही. शेळीच्या कानातली गोचीड चाचपावी तसा त्यांचा अंगठा माझ्या कडेच्या, डोळ्याच्या नंबराप्रमाणे चित्र जुळवायच्या चाकावर फिरला. कोमलचं तिकडे लक्ष नव्हतं. धुकं विरलं.

आजींनी कॅमेरा डोळ्याला घट्ट धरला.

"बांडी हाय ती. फुडचा पाय टेकवंना. खुरात काटा गेलाय. बांधताना दिसला न्हाई व्हय रं तुला?"

सोमेश्वर ओढा ओलांडून गेले. काटा होता.

"ह्यातनं दिसतंय म्हंजी चष्म्यातनंबी दिसंल, आबा," कोमल वडलांना म्हणाली. "डोळं गेलं न्हाईत तिचं."

चष्मा आला. शेळ्या राहिल्या.

पुढच्या हळदीला कोमलने मला डोळा लावला. नवरी धूसर. तिने मला पुसलं, फुंकर मारली, पुन्हा पाहिलं. "गेलं वाटतं हे," म्हणाली. मी बिघडलो नव्हतो. माझं चाक आजींच्या नंबरवर राहिलं होतं. मला सांगता येत नाही.

डबा. कपाट. कुलूप.

इथे आतून काहीच उघडत नाही, मित्रांनो. तुमच्याही घरात कुणीतरी असं बंद असेल. आपल्याला धूसर दिसलं म्हणून त्याला बिघडलेला ठरवू नका. आपल्या आधी कुणी पाहिलं, ते विचारा. आधी चाक फिरवून पाहा.

वाडीवरच्या त्या सकाळी सोमेश्वरांनी शेळ्या न्यायला आणलेला टेम्पो रिकामाच परत गेला होता.