पाचव्या कप्तानाआधी

मी टोप बोलतोय. टीव्हीवरच्या मालिकेत अंतराळयानाचा कप्तान डोक्यावर चढवतो ना, तोच. तेवीस वर्षं तुम्ही मला पाहताय आणि शौर्याची खूण समजताय. खरं सांगू? मला भीती वाटते. सोमवारी माझ्या आत पाचवं डोकं येणार आहे.

माझा जन्म एका मिस्त्रीच्या शेडमध्ये झाला. त्याने साच्यातून फायबरचं कवच काढलं, पुढे धुरकट काच बसवली, तोंडाजवळ बोटभर पंखा लावला. काच बंद करायची खिटी मात्र मागे, मानेपाशी.

"आतल्या माणसाला उघडायचं झालं तर?" मिस्त्रीने विचारलं.

"खिटी पुढे दिसली तर अंतराळ कसलं? जेवणाचा डबा वाटेल," निर्माता म्हणाला. सगळे हसले. जाड हातमोजे घातलेला हात मानेमागे पोचत नाही, हे मिस्त्रीशिवाय कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिला कप्तान रंगभूमीवरचा. आवाज खणखणीत, पण माझ्या आत त्याचे दात वाजायचे. पंख्याची घरघर संवादात येते म्हणून ध्वनिमुद्रक तो बंद करायला लावायचा. शॉट मिनिटभराचे, निभावून जायचं. एकदा शॉट लांबला. श्वासाने काच पांढरी झाली, त्याला काही दिसेना. त्याने डावा पंजा वर केला, बोटं फाकवून. थांबा, उघडा! उघडलं, पण तोवर ते सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. संकलकाला पंजा इतका आवडला, की त्याने भागाचा शेवटच त्यावर केला. आठवड्याभरात गल्लोगल्ली पोरं पंजा दाखवू लागली. तो कप्तानाचा सलाम ठरला!

"अरे बाबांनो, मी मरत होतो तेव्हा," पहिला सांगायचा. लोक त्यालाही हसायचे.

तो थकला. लेखकांकडे तोड तयारच होती. कप्तान दीर्घ निद्रेत जातो आणि उठतो तेव्हा चेहरा निराळा असतो. दुसरा आला, देखणा, आरशासमोर सलाम घोटत बसणारा. तिसऱ्याला संवाद पाठ होत नसत, तो माझ्या आतल्या कडेला चिठ्ठ्या चिकटवायचा. बंद जागेची धास्ती दोघांनाही होती. श्रमाचा घाम वेगळा आणि भीतीचा वेगळा, मला दोन्ही ओळखता येतात. पण बोलणार कोण? कप्तान घाबरतो असं बाहेर कळलं तर काम जायचं. वर निर्मात्याचं पालुपद ठरलेलं, "टोप तोच आहे ना? झालं तर. डोकी काय, मिळतात." हे तो म्हणायचा तेव्हा त्यातलं एक डोकं माझ्या आत असायचं आणि ऐकत असायचं.

चौथी एक मुलगी होती. पहिल्याच दिवशी मला डोक्यावर चढवत तिने कपडेपटाच्या मावशींना विचारलं, "मावशी, आत जीव घाबरला तर मी काय करू?"

"हात वर कर. मी येते की धावत. आणि हे बघ, रडायचं असेल तर आधी रड, काचेला डाग पडले की मलाच पुसावे लागतात!"

दोघी हसल्या. तेवीस वर्षांत माझ्या आत कुणी पहिल्यांदाच हसलं.

मग तो दिवस आला. प्रसंग असा, की यानातली हवा संपते आहे आणि कप्तान एकटी सुकाणू धरून आहे. सात मिनिटांचा सलग शॉट. पंखा बंद. मावशींना दिग्दर्शकाने दुसऱ्या पोशाखासाठी कपडेपटात पिटाळलं होतं.

चौथ्या मिनिटाला काच पांढरी झाली. तिचा श्वास तोकडा होऊ लागला. "हवा... उघडा..." ती पुटपुटली. कानाला यंत्र लावलेल्या ध्वनिमुद्रकाचे डोळे भरून आले. तिने सुकाणू सोडलं आणि पंजा वर केला.

"वा! हे लिहिलेलं नव्हतं. चालू ठेवा," दिग्दर्शक कुजबुजला.

कॅमेऱ्यामागच्या दिवेवाल्याने भारावून आपला पंजा वर केला. मग रंगभूषाकाराने. मग सगळ्यांनीच. पांढऱ्या काचेतून मला पंधरा-वीस हात अंधुक दिसत होते, सगळे तिला सलाम करणारे. माझ्या आत ती मरत होती. मला तोंड नाही. मी तिचं डोकं आवळून उभा होतो, एवढंच माझं काम.

हातातला पोशाख टाकून मावशी दारातून ओरडल्या, "अहो, सलाम कसला करताय? माझी पोर मला बोलावतेय!"

"मावशी, फ्रेममधून बाजूला—"

त्या थांबल्या नाहीत. खिटी अडकली होती. त्यांनी कात्रीचं टोक घालून ती उचकटली. ओठ निळे पडलेले, पण मुलगी श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी ती निर्मात्याकडे गेली. "खिटी पुढे आणा आणि पंखा चालू ठेवा. मग सात काय, सत्तर मिनिटं करते."

"तेवीस वर्षांचं रूप बदलू? प्रेक्षक काय म्हणतील?"

"विचारलंत त्यांना?"

तो तिच्याकडे नाही, टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे बघत होता. "बाई, डोकी मिळतात."

ती निघून गेली. तिच्या पाठोपाठ मावशीही गेल्या. आता तो पंजा बघून धावत येणारं सेटवर कुणी उरलेलं नाही.

काल खिटी नवी बसवली. जागा तीच, फक्त पोलाद जाड. आज पाचवा मला घालून बघून गेला. कोवळा आहे. आरशात सलाम करून गोड हसला, पण माझ्या अस्तराला त्याचा घाम लागलाय, आणि तो श्रमाचा नाही.

निर्माता दरवेळी तुमचं नाव पुढे करतो. म्हणून तुमच्यापुढेच हात जोडतो, मला हात नसले तरी. खिटी पुढे दिसली तरी आम्ही मालिका बघू, असं त्याला लिहा. उद्या-परवा करू नका. सोमवारच्या आत लिहा.