पाळक आणि पालक

आमच्याकडे पाद्री म्हणत नाहीत, पाळकसाहेब म्हणतात. मी नगरकडची. माझे वडील शाळामास्तर होते. पाळकसाहेब घरी आले की ते स्वतः खुर्चीवरून उठायचे, मग आम्हा भावंडांना वेगळं सांगावं लागायचं नाही. पाळकसाहेबांना नावाने हाक मारायची नाही, ते बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचं तर अजिबात नाही. मी हे सगळं नीट शिकले होते. त्यातलं शेवटचं तेवढं लखनौला येताना बहुधा नगरच्या स्टेशनवर राहून गेलं.

लखनौला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. माझा नवरा सुबोध अमौसीच्या विमानतळावर नोकरीला आहे, मी हजरतगंजला बँकेत. आमची हिमानी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. इथली मुलं आईलाही 'आप' म्हणतात, तशी तीही मला 'आप' म्हणायला लागली. मला सुरुवातीला फार भारी वाटलं. मग एकदा ती शेजारच्या मांजराशी बोलत होती, तेव्हा कळलं की मांजरही 'आप'च आहे.

एक मात्र खरं, 'ळ' काही तिच्या जिभेवर बसला नाही. केळं म्हणायचं तर केला म्हणते, बाळ म्हणायचं तर बाल. पाळकसाहेबांचे तर पहिल्याच महिन्यात पालक साहब झाले. मी दोन-तीनदा सुधारून पाहिलं आणि नाद सोडला.

आमचं चर्च चारबाग स्टेशनच्या मागच्या बाजूला आहे. लहानसं, हिंदी उपासनेचं. तिथले पास्टर अनुप लाल तिशीचे असतील, मुलांचं संडे स्कूलही तेच घ्यायचे. अंगाने किडकिडीत, आवाज मऊ, आणि दोन वाक्यांच्या मधे उगीचच थोडंसं हसायची सवय. संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, मोबाइलवर बघून द्यायचे, आणि ऐन रंगात यायच्या वेळी मोबाइलचा पडदा काळा व्हायचा. आमच्या गावचे पाळकसाहेब बोलायला लागले की खिडक्यांची तावदानं थरथरायची. त्यामुळे मला हे काही पटत नव्हतं, आणि मला न पटलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. दर रविवारी घरी आल्यावर जेवताना मी त्यांचा समाचार घ्यायचे. "आज तो काय म्हणाला, तुला काही कळलं?" असं मी सुबोधला विचारायचे. चर्चमध्ये 'आप' आणि जेवणाच्या टेबलावर 'तो'. हे मला तेव्हा जाणवलंही नव्हतं.

एका रविवारी मी पालकाची पातळ भाजी केली. घाईत मीठ घालायचं राहिलं, डाळीचं पीठ लावायचंही राहिलं. भाजी अगदी पाणचट झाली. सुबोधने एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "काय बघतोस? आपल्या पाळकासारखी झालीये. मऊ, पातळ आणि बेचव."

सुबोधला हसता हसता ठसका लागला. हिमानीही हसली. पाळक आणि पालक यांतला फरक तिला ऐकूच येत नाही, त्यामुळे तो विनोद तिला आमच्यापेक्षाही सोपा गेला असणार. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात पास्टरसाहेबांना नाव पडलं. "चला, पालक पनीर ऐकायला," असं म्हणत सुबोध रविवारी सकाळी स्कूटरची किल्ली शोधायचा, आणि मी लटकं रागवायचे.

हे नाव घराचा उंबरठा ओलांडून गेलंय हे मला तीन महिन्यांनी कळलं. सोमवार होता, बँकेत जेवणाची सुट्टी. हेमाजींचा फोन आला. त्या आमच्या चर्चच्या सेक्रेटरी, एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या.

"विभा जी, आपने सुना? पास्टर साहब संडे स्कूल छोड़ रहे हैं."

आदल्या दिवशी पास्टरसाहेब मुलांच्या वर्गात गेले, तर त्यांच्या टेबलावर लाल रिबीन बांधलेली पालकाची जुडी ठेवलेली होती. वर्गात एकच हशा पिकला, मागून कोणीतरी 'फीका पालक' असं ओरडलं. तेही हसले म्हणे. पण संध्याकाळी त्यांनी कमिटीला चिठ्ठी पाठवली: मला मुलं सांभाळता येत नाहीत, वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा, पुढचा रविवार माझा शेवटचा.

"शोर सुनकर मैं क्लास में गई," हेमाजी सांगत होत्या. "पूछा, यह नाम किसने रखा है. आपकी हिमानी खड़ी हो गई. बोली, मैंने रखा है, मैंने ख़ुद सोचा था. मैं डाँटने वाली थी, पर विभा जी, जिस तरह उसने सीधे मान लिया ना, घर के संस्कार दिखते हैं."

मी नुसतं 'जी' म्हणाले. त्यांना ते नम्रपणाचं वाटलं असावं.

"अगले संडे माँ-बाप को भी बुलाया है. आप बच्चों से पाँच मिनट बोल दीजिए. बड़ों का आदर, इस पर. आपसे अच्छा कौन बोलेगा."

आणि मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. फोन ठेवल्यावर डबा मात्र मी तसाच बंद केला.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा हिमानी गृहपाठाची वही उघडून बसली होती. पान कोरंच होतं. मी शेजारी बसले.

"पास्टरसाहेबांचं ते नाव तू ठेवलंस?"

"हाँ."

"हिमानी, खोटं बोलू नकोस."

"सच में, आई. मैंने ही सोचा था." ती खोडरबराकडे बघत होती. तिला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, तसे ते झाले होते.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. तिने ते नाव, बेचव भाजीच्या विनोदासकट, फक्त दोन मैत्रिणींना सांगितलं होतं. त्या खूप हसल्या, म्हणून आणखी एकीला सांगितलं. जुडी तिने आणली नव्हती, कोणी आणली तेही तिला माहीत नव्हतं. "पहली बार मेरी बात पर सब हँसे थे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मुझे नहीं पता था वो चले जाएँगे."

मी तिला जवळ घेतलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "अगं, दुसरं कोणीतरी येईल शिकवायला."

"दूसरे लोग रुकते नहीं हैं."

"म्हणजे?"

"जब मुझे हिंदी नहीं आती थी ना, तब सब टीचर अगले बच्चे से पूछ लेते थे. वो नहीं पूछते थे. वो थोड़ा-सा हँसके रुक जाते थे. जब तक मैं बोल न दूँ, तब तक."

त्या हसण्याची मी घरात कितीदा नक्कल केली होती. ज्याला मी बावळटपणा समजत होते, तो त्या माणसाचा धीर होता, आणि त्या धीराच्या जोरावर माझी मुलगी बोलायला लागली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघूही शकले नाही.

सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, "तिने घेतलंय ना स्वतःवर? लहान आहे, लोक विसरतील. तू कशाला चारचौघांत सांगतेस?" तो पडला शांत स्वभावाचा. पण खरं सांगते, मलाही ते पटत होतं. बुधवार-गुरुवार बसून मी मोठ्यांच्या आदरावर दोन पानांचं भाषण लिहिलं. चांगलं झालं होतं. बायबलमधल्या दहा आज्ञा आल्या होत्या, आईवडील आले होते, शिक्षक आले होते. फक्त ते वाचून दाखवायला समोर हिमानी बसणार होती.

रविवारी मुलांच्या वर्गात सतरंजी अंथरलेली होती. पुढे मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप. पास्टरसाहेब खिडकीपाशी शेवटच्या खुर्चीवर बसले होते, पाहुण्यासारखे. सुबोधची ड्यूटी होती, म्हणजे तो म्हणाला तरी तसं. हेमाजींनी माझं नाव पुकारलं, हिमानीने कबुली दिल्याचा प्रसंग थोडक्यात सांगितला, आणि सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तिने मान इतकी खाली घातली होती की मला तिचा नुसता भांग दिसत होता.

मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचता येईना. कागदाची घडी घातली.

"यह नाम हिमानी ने नहीं रखा," मी म्हणाले. "मैंने रखा था. हमारे घर में, खाने की मेज़ पर. हर संडे मैं वहाँ पास्टर साहब का मज़ाक उड़ाती थी और यह सुनती थी. जो इसने बाहर बोला, वह मुझसे सीखा. आदर सिखाने का मेरा मुँह नहीं है." माझं हिंदी एरवी बँकेपुरतं बरं आहे. त्या दिवशी त्यातले अर्धे लिंगभेद चुकले असतील.

मग हेमाजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी वाजवल्या. दोघी-तिघी जणी येऊन माझा हात धरून गेल्या. "बड़ी हिम्मत की बात है," एक म्हणाली. मला हलकं हलकं वाटत होतं. थोडा अभिमानही वाटत होता, आता लपवून काय उपयोग.

बाहेर येऊन आम्ही ई-रिक्षात बसलो. हिमानी तोंड फिरवून बसली होती. स्टेशनसमोरच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा ती बोलली.

"आपने क्यों बताया?"

"खरं होतं म्हणून सांगितलं, बाळा."

"मैंने इसीलिए नहीं बताया था कि सब आपके बारे में बुरा सोचेंगे." "आपने ही तो सिखाया था, बड़ों की इज़्ज़त रखते हैं."

माझ्या थोबाडीत कोणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आठवडाभर ही नऊ वर्षांची पोर एकटीने माझी अब्रू झाकत होती. मी शिकवलेलं ती शिकली होती, आणि जिच्यासाठी वापरत होती ती मी होते. मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण तिचं अजून संपलं नव्हतं.

"और पास्टर साहब से तो आपने सॉरी बोला ही नहीं."

"अगं, सगळ्यांसमोर बोलले ना मी?"

"सबको बोला. उनको नहीं बोला."

मी आठवून पाहिलं. मी हेमाजींकडे बघून बोलले होते, आईबापांकडे बघून बोलले होते. खिडकीपाशी शेवटच्या खुर्चीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. टाळ्या संपल्यावर लोक मला भेटत होते आणि मी भेटून घेत होते.

"भैया, वापस ले लीजिए," मी रिक्षावाल्याला म्हणाले.

आम्ही परत गेलो तेव्हा सगळे निघून गेले होते. पास्टरसाहेब एकटेच सतरंजी गोळा करत होते. आम्हाला बघून ते थांबले. हिमानी माझा हात घट्ट धरून उभी होती. मला काय बोलायचं ते माहीत होतं, तरी आधी मराठीच तोंडात आलं.

"मला माफ करा, पास्टरसाहेब." मग म्हणाले, "मुझे माफ़ कर दीजिए. आपका बहुत दिल दुखाया मैंने."

नेहमीचं ते हसू काही त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. "बुरा तो लगा था, बहन जी," ते म्हणाले. "बड़े लोग कुछ कहें तो चल जाता है. पर बच्चे झूठ नहीं बोलते. मुझे लगा, जब बच्चे ही कह रहे हैं तो मैं फीका ही हूँगा."

"बच्चों ने नहीं कहा था. मैंने कहा था."

त्यांनी हातातली सतरंजी खाली ठेवली. "तो आप ही बताइए. सच में फीका बोलता हूँ?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि शिष्टाचारालाही धरून होतं. पण हिमानी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बड़ों के सामने, कभी-कभी," मी म्हणाले. "बच्चों के सामने आप कैसा बोलते हैं, यह मैंने कभी बैठकर सुना ही नहीं."

त्यांनी मान हलवली. राग आलेला नव्हता. विचार करत होते. मग सतरंजीचं एक टोक उचलून म्हणाले, "तो अगले संडे बैठकर सुनिए. फिर बताइएगा."

'अगले संडे' हे दोन शब्द माझ्या आधी हिमानीला ऐकू आले. तिने माझा हात सोडला आणि सतरंजीचं दुसरं टोक उचलायला धावली.