एका साच्याचे कागद

जव्हारच्या पांडू परटाला देवळालीचं वारं लागलंय, असं बाजारपेठेत सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीन वर्षं तिथल्या छावणीत गोऱ्या शिपायांचे कोट धुऊन गडी परत आला तो डोक्यात नवंच खूळ घेऊन. तळ्याच्या काठाला छप्पर घातलं, कोळशाची इस्त्री मांडली, रिठे भिजत टाकले आणि नाशकाहून पाचशे कागद छापून आणले. हँडबिल! संस्थानात तोवर कागद म्हणजे कचेरीचा कागद. परटानं कागद काढायचा म्हणजे काय? वाणी हसला, कारकून हसले, न्हाव्यानं तर येणाऱ्या प्रत्येक डोक्याला ती गोष्ट ऐकवली.

कागद वाटायला पांडूनं आधी बाजारातले दोन रिकामटेकडे धरले. तिसऱ्या दिवशी वाण्याकडून त्यानं मीठ आणलं, तर पुडी त्याच्याच हँडबिलाची! त्या दोघांनी गठ्ठाच्या गठ्ठा वाण्याला देऊन तंबाखू घेतली होती. पांडूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोघांना त्यानं काय काय ऐकवलं ते मी इथं सांगत नाही, घरात लेकीसुना असतात. पण राग ओसरल्यावर त्यानं विचार केला, की गावात दारोदार रोज जातं कोण? मोळीवाल्या जातात. रानातून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका. कुठल्या घरात साहेबी कोट आहे, कुणाच्या वाड्यात पाहुणे उतरलेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून त्यानं साखरशेतच्या दोघी ठरवल्या, रामी आणि फागी. रोजाला शेरभर तांदूळ आणि वर मीठ. रामीनं तांदूळ किती ते विचारलं. फागीनं विचारलं, "दादा, या कागदात काय हाय?"

ही फागी म्हणजे विचारण्याचा नुसता झरा. तिशीची बाई, काटक, हनुवटीला तीन ठिपके गोंदलेले, आणि डोळे कसे सारखे काहीतरी उचकटून बघणारे. पण कागदाचं तिचं कुतूहल हौसेचं नव्हतं, ते आधी सांगायला हवं. दोन वर्षांमागे तिचा नवरा जिव्या रानात गेला असताना जंगलाच्या शिपायानं साग तोडल्याचा आळ घेतला आणि त्याची कुऱ्हाड काढून नेली. महिन्याभरानं कचेरीचा माणूस आला, हातात एक कागद कोंबला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. गावात कागद वाचणारा एकच, म्हातारा लाडक्या. त्यानं बोट फिरवत फिरवत वाचलं, की जिव्याला सहा महिने कैद, पायात बेडी. दिवस मावळायच्या आत जिव्या डोंगर उतरून निघून गेला. कुठं गेला, जगला की मेला, काही कळलं नाही. फागीनं तो कागद बांबूच्या नळीत घालून कुडाला खोचला. कुणा शहरातल्याला दाखवायची सोय नव्हती. दाखवला, तर कचेरीला कैदेची आठवण करून दिल्यासारखंच की. कधीमधी ती तो काढून उन्हाला धरी, हुंगून बघी. एवढासा कागद, ना वजन ना दात, आणि धडधाकट माणूस घरातून उठवतो म्हणजे त्यात असतं तरी काय?

तर पांडूनं तिला सांगितलं. सांगितलं म्हणजे चक्क पाठ करून घेतलं, कारण त्याला ठाऊक होतं, की कागद घेणाऱ्या दहांपैकी आठजण विचारणार, "काय लिहिलंय गं?" दोघींना छपरात बसवून त्यानं घोकून घेतलं: "जव्हारच्या तळ्यावर पांडू परीट. कोट, पगडी, धोतर, लुगडं. रिठ्यानं धुणार, खळ देणार, इस्त्री करणार. सोमवारी नेणार, शुक्रवारी आणून देणार. डाग राहिला तर पैसे नाहीत."

"आणि हे सगळे कागद एकच बोलतात?" फागीनं विचारलं.

"एकच. एका साच्यातून निघालेत. विटा निघतात ना, तसे."

"आणि कचेरीचे?"

"ते हातानं लिहितात. ज्याचा त्याचा वेगळा." पांडूनं कपाळावर हात मारला. "बाई, तू कागद वाटणार आहेस की मामलतदार होणार आहेस?"

चार दिवस फागीनं जव्हार पालथं घातलं. दारात उभी राहून घडाघडा म्हणायची, आणि लोक कपडे काढून द्यायचे. कागद घेऊन ते काय करतात तेही ती बघून ठेवी. कुणी देवळीत ठेवला, कुणी चूल पेटवली, एका म्हातारीनं कागदावर छापलेल्या इस्त्रीच्या चित्राला हळदकुंकू वाहिलं. पाचव्या दिवशी पांडूनं तिला साखरशेत, दाभोसा अशा गावांसाठी गठ्ठा दिला. तिकडं पाटील होते, जंगलाचे ठेकेदार उतरत, त्यांचे कोट मळतच असणार.

दुपारी ती गावात पोचली. लाडक्या अंगणात अंबाडीची दोरी वळत बसला होता. तिच्या काखेतला गठ्ठा बघून त्यानं दोरी खाली ठेवली आणि हात पुढं केला, जसा तो जन्मभर करत आला होता. "आण इकडं."

फागीनं एक कागद दिला. चार घरची माणसं गोळा झाली. लाडक्यानं डोळे बारीक केले, बोट फिरवलं, एकदा घसा खाकरला. मग म्हणाला, "वेठ हाय. घरटी एक माणूस, आठ दिवस. सडकेला खडी फोडायची."

बायांनी तोंडाला पदर लावले. कुणी म्हणालं, पोरांना मामाच्या गावी पाठवू. कुणी म्हणालं, रानात जाऊन राहू. फागी मात्र तशीच उभी. तिच्या डोक्यात जव्हारच्या तळ्यावरचा पांडू परीट घोळत होता. खळ देणार, इस्त्री करणार. मग वेठ कुठून आली?

आता तुम्ही म्हणाल, तिनं तिथंच म्हाताऱ्याला धरायला हवं होतं. पण असं होत नसतं. लाडक्या म्हणजे गावचा शहाणा. पहिली ताडी त्याला, पंचायतीत पहिला शब्द त्याचा. आणि पांडू कोण? पाचसहा दिवसांच्या ओळखीचा परीट. खोटा असला तर पांडूच असणार, असं तिला आधी वाटलं. म्हणजे आपण जव्हारभर दारोदार वेठीचा हुकूम वाटला की काय! रामीला तसं बोलून दाखवलं, तर रामी म्हणाली, "तांदूळ खरे होते ना? मग झालं."

फागीचं तसं होईना. सकाळी उठून तिनं गठ्ठ्यातला दुसराच कागद काढला आणि लाडक्यापुढं धरला. "आजा, हा बघ बरं."

लाडक्यानं बोट फिरवलं. "हा गवताचा. गवत कापायला बंदी. कापेल त्याच्या कोंबड्या जप्त."

"कालचा वेठीचा, आणि हा गवताचा?"

"कालचा वेगळा, आजचा वेगळा. कागद सगळे सारखे असतात का, येडे?"

फागी खाली बसली. कालचा कागद तिनं जमिनीवर ठेवला, त्याला लागून आजचा ठेवला. "आजा, माना अक्षर येत नाय," ती म्हणाली, "पण डोळे हायेत. ही इस्त्री बघ, ही पण इस्त्री. हा आकडा बघ, हा पण तसाच. ही ओळ इथं मोडली, ती पण तिथंच मोडली. मुंगीच्या पायाइतका फरक दाखव."

म्हाताऱ्यानं बघितलं. एकदा इकडं, एकदा तिकडं. त्याची बोटं कागदावरून दोरीकडं गेली, पण वळेनात.

"जवान असताना जमिनीच्या मोजणीवाल्याची साखळी धरली मी, दोन महिने," शेवटी तो म्हणाला. "तो कागद लिहायचा, मी बाजूला बसायचा. परत आलो तर गावानं कागद पुढं केला. नाय म्हणायची लाज वाटली."

"मग आजवर वाचलंस ते?"

"कागद आला म्हणजे काय येतं? वेठ येते, दंड येतो, जप्ती येते. दुसरं काय आलंय कधी, सांग तूच! वाईटच सांगितलं, म्हणून माणसं सावध झाली. दोनदा खरंच वेठ आली, तेव्हा गाव रानात होता. कुणामुळं?"

"आणि माझा जिव्या?"

म्हाताऱ्यानं मान खाली घालून दोरी पुन्हा हातात घेतली. फागी संतापली, अशी संतापली की तिला रडूही येईना. "दोन वरीस मी एकटीनं नांगर धरला, आजा! लोक म्हणतात, टाकलेली बाई. तुला लाज वाटली म्हणून?" ती घरात गेली, कुडातली नळी उपसली आणि तशीच जव्हारच्या वाटेला लागली. न्याहारीसुद्धा केली नाही.

पांडू कारकुनाच्या कोटावर इस्त्री फिरवत होता. फागीनं कागद पुढं केला आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात. पांडूनं इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले. कागद मोडीतला होता. छापील अक्षराची सवय झालेला माणूस, तो अडखळत अडखळत लावू लागला. फागी त्याच्या बोटाकडं न बघता तोंडाकडं बघत होती. खोटं बोटात नसतं, तोंडात असतं, हे तिला आता चांगलं कळलं होतं.

"मौजे साखरशेत येथील जिव्या," पांडूनं वाचलं, "याजवर साग तोडल्याचा आळ आला होता. चौकशी होता तो शाबीत झाला नाही. सबब..." तो थांबला. पुन्हा मागं जाऊन वाचलं.

"बोल की, दादा!"

"सबब जप्त केलेली कुऱ्हाड एक, दांड्यासह, पंधरा दिवसांचे आत येऊन घेऊन जावी."

"पुढं?"

"पुढं काही नाही. सही आहे."

फागीला आधी हसू आलं. कुऱ्हाड घेऊन जा! आपलीच कुऱ्हाड परत घ्यायला बोलावलं, आणि माणूस मुलूख सोडून पळाला. हसता हसता तिनं तोंडात पदर कोंबला आणि छपराच्या खांबाला धरून खाली बसली. पांडूला काय करावं सुचेना. त्यानं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि कोट उगाचच दुसऱ्यांदा इस्त्री केला.

डोळे पुसून झाल्यावर फागीनं विचारलं, "मोखाड्याचे कागद कोण वाटतंय?"

मोखाडा म्हणजे पलीकडचा, इंग्रजी अंमलातला मुलूख. संस्थानातून पळालेला माणूस दुसरीकडं कुठं जाणार? हे पांडूलाही कळलं. "दिवसभराची चाल आहे," तो म्हणाला. "आणि तिथून कोण माझ्याकडं धोतर धाडणार? मी पन्नासेक कागद वाटणार होतो, बस्स."

"मी शंभर वाटते. तांदूळ नको."

पांडूनं तिच्याकडं बघितलं आणि सगळा उरलेला गठ्ठा तिच्या हातात दिला. "पण आधी माझा परीट म्हणायचा हां, मग तुझा जिव्या! धंदा बुडवू नकोस माझा."

जव्हारबाहेर लाडक्या वाटेवर उभा होता. तो तिच्या मागोमाग चालत आला होता, आणि छपराबाहेर थांबून परटाचं वाचणंही त्यानं ऐकलं होतं. "दाभोशाकडं मी जातो," तो म्हणाला. "तिकडं माना समदे वळखतात. सांगतो, की लाडक्याला वाचता येत नाय. मग जिव्याचंही सांगतो." फागीनं गठ्ठ्यातून दहा कागद मोजून काढले आणि त्याच्या हातावर ठेवले.

पाच दिवस ती मोखाड्याच्या पाड्यांतून हिंडली. प्रत्येक दारात तेच. "जव्हारच्या तळ्यावर पांडू परीट. कोट, पगडी, धोतर, लुगडं." आणि शेवटी एका श्वासात, "आणि साखरशेतचा जिव्या कुणाला भेटला तर सांगा, आळ नाय, कैद नाय, कचेरीत कुऱ्हाड पडलीय ती घेऊन जा." लोकांना परटाचं काही सोयरसुतक नव्हतं. लंगोटीला इस्त्री कोण करतो! पण कुऱ्हाडीची गोष्ट त्यांना फार आवडली. पुन्हा सांग म्हणत. दांड्यासह का, असं विचारून घेत. आणि तिची पाठ वळली, की शेजारच्या पाड्यावर जाऊन स्वतःच सांगत.

सहाव्या दिवशी मोखाड्याचा बाजार होता. फागी दमली होती, गठ्ठ्यात चारपाच कागद उरले होते, आणि आज नाही तर परत फिरायचं असं तिनं मनाशी ठरवलं होतं. टोपल्या विकणारी एक म्हातारी, माघी तिचं नाव, बाजूला सरकून तिला सावलीत जागा देत म्हणाली, "बस गं. ऐकलंस का? साखरशेतच्या कुणा जिव्याची कुऱ्हाड सरकारनं दोन वरीस सांभाळून ठेवलीय म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"समदा बाजार बोलतोय. काल आमच्याकडं सूर्यमाळच्या वाटेवरल्या कोळशाच्या भट्टीवरचा एक गडी आला व्हता. टोपली घ्यायला आला नि टोपली राहिली बाजूला. सारखा एकच विचारत व्हता, ही बातमी देणारी बाय दिसते कशी? तिच्या हनुवटीला तीन ठिपके गोंदलेत का? आता मी कुठं बघितलीय तिला? नाय ठाऊक म्हणाले, तर येड्यावानी रडाया लागला."

फागीनं पदर मागं सारला आणि म्हातारीला आपली हनुवटी दाखवली.