चालण्याच्या वेगाने

"थांब गं बाई. मागचा माणूस आधी पुढं जाऊ दे."

आईचा आवाज. पन्नास वर्षांपूर्वीचा, भंडाऱ्याकडच्या नहराच्या काठावरचा. तो आत्ता, न्यूयॉर्क राज्यातल्या या जुन्या कालव्यावर, अंजनाच्या कानाशी आला. तिने लॉकच्या, म्हणजे बोटी खालीवर नेणाऱ्या हौदाच्या, भिंतीवरून लोंबणारा ओला दोर दोन्ही हातांनी धरला होता. दोन अजस्र दारांमधलं पाणी कुठूनतरी वाहून जात होतं आणि त्याबरोबर बोट खाली खाली उतरत होती. शेवाळलेली भिंत वर सरकत गेली, आभाळाचा तुकडा अरुंद झाला.

आई डबा घेऊन शेताकडे निघायची. मागून कुणी परका पुरुष येताना दिसला की काठाला सरून उभी राहायची, त्याला जाऊ द्यायची. मग चालू लागायची ती गात गात, मोठ्याने, पुढे गेलेल्यालाही ऐकू जावं असं.

नहराच्या काठानं मी गं एकली नाही,
पुढं माझी सावली, मागं माझी बाई.

मागची बाई म्हणजे अंजना. सात वर्षांची.

"आई, सोड आता! रोप सोड!" मागून जागृती ओरडली. दारं उघडली होती. अंजनाने दोर सोडला, बोटीवरचा आपला दोर घाईघाईने गोळा केला आणि बाकावर बसली.

लॉकच्या पलीकडे शहर सुरू झालं. सकाळपासून दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि झाडं होती. आता कारखान्यांच्या पाठी आल्या, फुटक्या काचांच्या खिडक्या आल्या, रंगांच्या फवाऱ्यांनी नावं लिहिलेले पूल आले. काठाला लागून चालायची वाट होती, इतकी जवळ की हात लांब केला तर त्यावरून जाणाऱ्याच्या बाहीला लागावा. सप्टेंबरचं पिवळं ऊन कलत होतं.

जागृती सुकाणूचा दांडा धरून उभी होती. एकोणतीस वर्षांची, ट्रॉय शहरात फार्मसिस्ट. बोट भाड्याने देणाऱ्या बाईने दिलेला सूचनांचा कागद तिने पहिल्याच दिवशी पाठ केला होता. शहरातून जाताना केबिनचं दार बंद ठेवा. चार बोटी असतील तिथेच बांधा. आज मुक्काम कुठे, ते अनोळखी माणसाला सांगू नका. शिवाय तिचे स्वतःचे नियम होते. फोनमधलं लोकेशन बंद. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या ग्रुपवर फोटो नाही, घरी पोचेपर्यंत.

"अगं, मंडळात कोण चोर बसलेत?" पहिल्या दिवशी अंजना हसून म्हणाली होती.

"जस्ट डोन्ट, आई. प्लीज."

दुसऱ्या पुलाखालून बाहेर आल्यावर अंजनाला तो माणूस दिसला. टोपी घातलेला, सायकल हातात धरून चालणारा. तो बोटीच्या बरोबरीने चालत होता. बोट वळली तसा वाटेबरोबर वळला. जागृतीने इंजिन वाढवलं, घरघर चढली, पण बोट ती बोटच. तो सायकलवर बसला आणि दोन पायडलांत पुन्हा शेजारी आला. हात हलवून काहीतरी ओरडू लागला.

"आत जा," जागृती म्हणाली.

"अगं, तो काय म्हणतोय—"

"आई, आत जा! दार लाव!"

तिचा आवाज चिरला. अंजनाने मागे वळून पाहिलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. दांड्यावरची बोटं अशी आवळली होती की नखं जांभळी दिसत होती. ती माणसाकडे बघतच नव्हती. समोर बघत होती, श्वास धरून, जणू हलली तर काहीतरी तिला पाहील.

सायकलवाल्याने तोंडाभोवती हातांचा कर्णा केला. आता शब्द कळले. तुमचा दोर, बाई, तुमचा दोर पाण्यात लोंबतोय, पंख्यात अडकेल!

अंजनाने वाकून पाहिलं. खरंच, तिनेच अर्धवट गुंडाळलेला दोर कठड्यावरून घसरून पाण्यात ओढला जात होता. तिने तो खेचून वर घेतला. सायकलवाला अंगठा दाखवून पुढे निघून गेला.

"बघ," अंजना म्हणाली. "बिचारा मदत करत होता. तू तर अशी घाबरलीस, जसा काही—"

जागृती खाली बसली होती. एक हात दांड्यावर, दुसरा तोंडावर. खांदे हलत होते.

अंजना तिच्याजवळ गेली. पाठीवर हात ठेवला, तर पाठ एकदम आकसली आणि मग, हात आईचा आहे हे कळल्यावर, सैल पडली.

"जागू. कुणाला घाबरतेस तू?"



"अनुपला," जागृती म्हणाली.

अंजनाचा हात तिथेच राहिला.

"फेब्रुवारीत मी त्याला लग्नाला नाही म्हटलं ना. सगळ्यांना वाटलं, हिला नखरे. त्या दिवशी घरी सोडतो म्हणून त्याने गाडी हायवेला घेतली. डोअर्स लॉक केले. नव्वदने चालवत होता. म्हणाला, तू हो म्हणेपर्यंत थांबणार नाही. चाळीस मिनिटं, आई. मी हो म्हटलं. मग थांबवली. टिश्यू दिला मला. सॉरी म्हणाला, खूप गोड."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? बाबा गेले तेव्हा सगळं त्याने केलं. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना त्याने म्हटली. तू म्हणायचीस, पोटचा मुलगा असा नसतो." तिने नाक पुसलं. "नंतर माझ्या बॅगेत ट्रॅकर सापडला. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बसून राहतो. लाइट बंद करून. नुसता बसतो. पोलिस म्हणाले, बसणं क्राइम नाही."

पाण्यावरून एक बदक बाजूला सरलं. जागृतीने सुकाणू किंचित वळवलं.

"म्हणून बोट घेतली. इथे गाडी येत नाही. तीन दिवस कुणाला माहीत नाही मी कुठे आहे. काल सलग सात तास झोपले मी. यू नो, किती महिन्यांनी?"

अंजनाने मान हलवली.  

गुरुवारी अनुपचा फोन आला होता. काकू, तुमच्याशिवाय कुणाला सांगू. फक्त एकदा समोरासमोर बोलू द्या. तिला आधी कळलं तर ती यायचीच नाही. आवाज भरून आलेला. आणि अंजनाला वाटलं होतं, मोठ्यांनी मध्ये पडावं, दोघांना समोर बसवावं, मिटून जाईल. इथे आपली घरं ती किती? आसपास मिळून अठरा. कार्यक्रमाच्या खुर्च्या लावण्यापासून मढं उचलण्यापर्यंत तीच अठरा घरं. त्यातला असा मुलगा हातचा घालवायचा? तिने आजच्या मुक्कामाची जागा सांगितली होती. वेळ सांगितली होती. बोटीचा फोटो पाठवला होता, हिरवी पट्टी असलेली, ओळखू यावी म्हणून. अनोळखी माणसाला सांगू नका, असं कागदावर होतं. अनुप थोडाच अनोळखी?

जॅकेटच्या खिशात फोन थरथरला. तिने तो मांडीआड धरून पाहिला.

काकू, पोचलो. पुलाच्या डाव्या हाताला उभा आहे. तुमच्यासाठी थर्मासमध्ये चहा आणलाय, आलं घालून.

तिने फोन बंद केला. पुन्हा चालू केला. मजकूर तसाच होता.

कालवा वळला आणि समोर पूल दिसला. हिरवा, लोखंडी, पाण्यावर एवढा ठेंगणा की खालून बोट जाणं शक्य नव्हतं. पुलाच्या माणसाने तो उचलायचा, मग पलीकडच्या धक्क्याला बोट बांधायची. डावीकडच्या कठड्यापाशी चार-पाच माणसं उभी होती. इतक्या लांबून नुसत्या काळ्या रेघा.

"पोचलोच," जागृती म्हणाली. तिने डोळे पुसले होते, आवाज हलका झाला होता. "सॉरी, तुझी ट्रिप रडून खराब केली. बांधलं की मस्त पिठलं कर."

पोटात दुखतंय म्हणता येईल, अंजनाच्या मनात आलं. मागे फिर म्हणता येईल, पर्स लॉकपाशी राहिली म्हणता येईल. त्याला कळवता येईल, बाळा, आज नको. पण तो जाईल का? आणि गेला नाही तर? ही बोट चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. तो काठाने येत राहील, आणि लेक त्याच्याकडे पाठ करून सुकाणू धरून उभी असेल, आज रात्री सलग झोपायचं म्हणून.

रेघांमधली एक रेघ पुढे आली. कठड्यावर वाकली. त्या रेघेने हात वर केला.

जागृतीने अजून पाहिलं नव्हतं. पूल उचलायची खूण म्हणून तीन लांब भोंगे द्यायचे असतात. तिचा अंगठा बटणाकडे गेला.

अंजनाने तिचं मनगट धरलं. जागृती दचकली, तशी लगेच सोडलं, आणि स्वतःचा तळहात बटणावर झाकून ठेवला.

"वाजवू नकोस. बोट वळव, जागू. आधी वळव."

"का? आई, काय झालं?"

अंजना लेकीच्या आणि पुलाच्या मधे येऊन उभी राहिली.

"तिथं अनुप आहे," ती म्हणाली. "मीच बोलावलंय त्याला."