शेऱ्याचा रकाना

सकाळचे सात वाजले की आर्डिस हॅल्व्हर्सन कानटोपी ओढून अंगणात जायची. थर्मामीटर बघायचा, पर्जन्यमापकाच्या नळीत काय साचलंय ते मोजायचं, बर्फ असेल तर पट्टी रोवून खोली घ्यायची आणि आत येऊन सगळं हवामान खात्याच्या वहीत उतरवायचं. काम बिनपगारी होतं. तिनं ते तिसाव्या वर्षी अंगावर घेतलं होतं, आता ती चौऱ्याहत्तरची होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, म्हातारं कुत्रंही मागच्या थंडीत गेलं. उरली ती वही.

पश्चिमेला मैलभर अंतरावर तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन एकटाच राहायचा. पानगळ झाली की त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा तिला खिडकीतून दिसे. दिवा दिसे एवढंच. अकरा वर्षं बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

भांडण गारांवरून झालं होतं. त्या जुलैत एका संध्याकाळी व्हर्लिनच्या मक्यावर अक्रोडाएवढ्या गारा पडल्या. डोक्याइतका उंच वाढलेला मका, त्याची नुसती खुटं उरली. विमा कंपनीचा माणूस आला, शेत फिरला आणि म्हणाला, हे नुकसान जूनमधल्या वादळाचं, विमा उतरवण्याच्या आधीचं. व्हर्लिननं फ्रीझरमध्ये जपलेल्या गारा काढून दाखवल्या. तो माणूस हसला. सर्वांत जवळची सरकारी नोंद म्हणजे आर्डिसची वही, आणि त्या तारखेला वहीत गारांचं नाव नव्हतं.

ऑगस्टात व्हर्लिन तिच्या दारात आला. टोपीही काढली नाही.

"शेऱ्यात एक ओळ लिही, आर्डिस. पश्चिमेला गारा पडल्या. बास."

"माझ्या अंगणात एकही पडली नाही."

"अगं, तुझ्या अंगणात पडली नाही म्हणजे जगात पडली नाही का?"

"ते पान गेलंय खात्याकडे. गेलेल्या कागदात मी खाडाखोड करत नाही. आणि ओरडू नकोस."

"बरं," तो म्हणाला. "बस मग तुझं अंगण धरून."

एक गोष्ट आर्डिसनं कोणालाच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी ती घराबाहेरच्या ओट्यावर उभी होती. व्हर्लिनच्या शेतावरच्या ढगाचं पोट हिरवं पडलेलं तिनं पाहिलं होतं आणि ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज ऐकला होता. आकडे झाल्यावर उरेल ते लिहायला वहीत शेऱ्याचा रकाना होता. ती पेन्सिल धरून त्याच्यापाशी थांबली होती, आणि रकाना तसाच सोडून तिनं वही मिटली होती.

यंदा जानेवारीत तीन दिवस असं हिमवादळ झालं की गोठा आणि घर यांच्यातलं काही दिसेना. चौथ्या दिवशी आभाळ निवळलं, पारा शून्याखाली एकवीसवर गेला. व्हर्लिनचा दिवा मात्र लागला नाही. पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी टपाल घेऊन लिओरा आली, तिनं गाडीची काच खाली केली.

"व्हर्लिन गोठ्याच्या दारात घसरला की. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता वृद्धाश्रमात ठेवलाय, काउंटीच्या मुख्य गावी. तुला कोणी बोललं नाही?"

"नाही."

"काय बाई तुम्ही दोघं," लिओरा म्हणाली आणि काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आकडे लिहून झाल्यावर आर्डिसनं वृद्धाश्रमात फोन लावला. जोलीन नावाच्या नर्सनं उचलला, निरोप आत नेला आणि थोड्या वेळानं परत आली.

"ते म्हणतात, फोनवर येत नाही जा."

"असू दे. त्याला सांगा, आज शून्याखाली अठरा. वारा वायव्येचा."

दुसऱ्या दिवशी जोलीनच्या आवाजात हसू होतं. "त्यांना काल सांगितलं. म्हणाले, माझं घर खोलगटात आहे, माझ्याकडे बावीस असणार. तिला काय कळतंय!"

"म्हणावं, आज पंधरा."

असं चालू झालं. फेब्रुवारीभर बहीणभावाचं बोलणं जोलीनच्या तोंडून चाललं. मार्चमध्ये बर्फ वितळला, रस्त्यांचा राडा झाला, आणि एका सकाळी जोलीन म्हणाली, "विचारतायत, ओढा पुलावर चढला का?" आर्डिस गुडघाभर बूट घालून चिखलातून पुलापर्यंत गेली, परत येऊन तिनं पुन्हा फोन केला. "सांगा, पाणी फळ्यांच्या हातभर खाली आहे." एप्रिलमध्ये तिनं घरातला जुना पर्जन्यमापक व्हर्लिनच्या पवनचक्कीजवळच्या खांबाला ठोकला. रोज सकाळी स्वतःचा मोजून झाला की ती पिकअप काढून तिकडे जायची. त्याच्या दाराला कुलूप होतं. खिडकीतून आतल्या टेबलावर कॉफीचा कप तसाच दिसायचा.

जुलैत तीन आठवडे पाऊस नव्हता. मक्याची पानं वळून सुरळ्या झाली. मग एका दुपारी पश्चिमेला ढग आला, ओढ्याच्या पलीकडे तासभर कोसळला आणि तिथंच विरला. दुसऱ्या सकाळी आर्डिसच्या नळीत थेंब नव्हता. व्हर्लिनच्या नळीत एक इंच चाळीस, म्हणजे जवळजवळ दीड इंच, पाऊस होता. तिनं तो दोनदा मोजला. त्या दिवशी तिनं फोन केला नाही, सरळ गाडी गावाकडे वळवली.

व्हर्लिन खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. वाळून अर्धा झाला होता, कान तेवढे बापाचे राहिले होते.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"तुझ्याएवढी नाही. एक इंच चाळीस पडला तुझ्याकडे. माझ्याकडे कोरडं ठाक."

"म्हणजे पडतं तर. माझ्याकडे वेगळं पडतं."

"पडतं." तिनं पर्स छातीशी धरली. "त्या दिवशी मी ओट्यावर होते, व्हर्लिन. आवाज ऐकला होता. गाराच होत्या, मला तेव्हाच कळलं होतं."

"मग?"

"लिहिलं नाही."

"ते ठाऊक आहे. का नाही लिहिलंस?"

"वाटलं, जे मोजलं नाही ते लिहू कसं. मग तू ओरडत आलास. मग मुद्दाम नाही लिहिलं."

व्हर्लिननं खुर्चीचं चाक थोडं मागंपुढं केलं. "मका गेला, दुसऱ्या वर्षी आला. त्याचं नाही काही. पण सगळी काउंटी मला खोटारडा म्हणाली. आणि तुला खरं माहीत होतं."

"चूक झाली माझी."

"झालीच." त्यानं बाहेर बघितलं. "माफबिफ मला जमायचं नाही आता. पण बस. इथली कॉफी पाणचट असते, पिऊन जा."

ती बसली. दोघांनी कॉफी संपवली. कोणाचा मका कसा आहे, कोणाचा गेला, एवढंच बोलणं झालं. निघताना तो म्हणाला, "गुरुवारी येत जा. गुरुवारी इथं बिंगोचा खेळ असतो, मला त्यातून सोडव."

ऑगस्टभर दर गुरुवारी ती गेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हर्लिनची मुलगी पॅटी विमानानं आली आणि बापाला ॲरिझोनाला घेऊन गेली. थंडी त्यांच्या हाडांना सोसायची नाही, ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. शेत शेजाऱ्यानं कसायला घेतलं. गाडीत बसताना व्हर्लिननं बहिणीकडे पाहून फक्त हात वर केला.

आता तो रविवारी फोन करतो, स्वतः.

"इथं हवामानच नाही गं," तो पहिल्याच फोनवर म्हणाला. "रोज उठावं तर निळं. माणसानं बोलायचं तरी कशावर? तू सांग, तिकडे काय?"

मग ती सांगते. ओढ्यावरचं धुकं दहापर्यंत हटत नाही. कापणीची धूळ चार दिवस हवेत लटकून होती. रानहंसांचे थवे गेले. पहिलं गोठलेलं दहिवर पडलं, भोपळ्याचे वेल एका रात्रीत काळे पडले. "वारा कुठला?" तो मध्येच विचारतो, आणि ती फोन बाजूला ठेवून बाहेर जाऊन बघून येते. तासभर जातो. मग पॅटी त्याला जेवायला बोलावते, आणि घर पुन्हा सहा दिवसांसाठी मुकं होतं.

नोव्हेंबरात एका मंगळवारी पहिला बर्फ पडला, साडेचार इंच. रविवारी त्याचा फोन येईतो त्यातलं काही उरणार नव्हतं. दुपारी आर्डिसनं फावडं घेतलं आणि दारापासून रस्त्यापर्यंतची सगळी वाट हळूहळू मोकळी केली, येणारं कोणी नव्हतं तरी.