मागच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज

मित्रांनो, मी संगणकाला आवाज देणारं एक जुनं साउंड कार्ड आहे. तळहाताहून थोडी मोठी हिरवी पाटी, तिच्यावर दाटीवाटीनं बसलेले काळे चौकोन आणि एका कडेला तीन रंगीत भोकं, एवढाच माझा संसार. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात आहे. सोबतीला एक मोडका चष्मा आणि दोन वायरी. अडगळीत पडल्याचं मला फारसं दुःख नाही, नव्याचे नऊ दिवस मीही भोगले आहेत. दुःख आहे ते या घरच्या मिन्तोनियाबाईंचं, आणि ते सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलेलं नाही.

कारखान्यातल्या आठवणी सांगण्यासारख्या नाहीत. एका साच्यातून हजारो भावंडं निघालो, खोक्यात बसलो, बोटीत चढलो आणि मी इटलीच्या सार्डिनिया बेटावर उतरलो. न्युओरो शहरातल्या एका दुकानात मी धूळ खात होतो. माझ्या खोक्यावर तलवार उगारलेला राक्षस छापला होता, त्यामुळे मला हातात घेऊन बघणारी सगळी पोरं खेळवेडी असायची. एके दिवशी मात्र मिन्तोनियाबाईंचा मुलगा गोनारियो काळा सदरा घालून आला.

"कुठला गेम खेळतोस?" दुकानदारानं विचारलं.

"गेम नाही. चार माणसं चार बाजूंनी ऐकू आली पाहिजेत."

"मग हे घे, सगळ्यात महागडं. अख्खी गल्ली हादरेल!"

"गल्ली हादरायला नकोय. गल्लीला कळताच कामा नये," गोनारियो खाली बघत म्हणाला. "माझे बाबा गेले. त्यांचं गाणं माझ्याकडे आहे. आईला ऐकायचंय."

दुकानदारानं ते महागडं कार्ड परत ठेवलं आणि मला खाली काढलं. "याचं नाक वर नाही, पण हे इमानी आहे. चौघांना चार वाटांनी सोडतं, एकमेकांत कालवत नाही," तो म्हणाला. माझं असं कौतुक तोवर कोणी केलं नव्हतं.

गोनारियोच्या गावच्या डोंगरातले मेंढपाळ चौघं मिळून गातात. खांद्याला खांदा भिडवून, तोंडं आत करून गोल उभे राहतात. पहिला एकटाच ओळ उचलतो, तिच्या शेवटापर्यंत जातो, आणि मग बाकीचे तिघं 'बिम् बाम् बो' करत त्याला खालून झेलतात. एक वाऱ्यासारखा, एक मेंढरासारखा, आणि सगळ्यात तळाशी बैलासारखा घुमणारा. तो बैल म्हणजे बाकीझिओ, गोनारियोचे वडील. बायका या गोलात उभ्या राहत नाहीत. मिन्तोनियाबाईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं गाणं ऐकलं ते वाइनची सुरई हातात घेऊन, त्यांच्या पाठीमागून.

बाकीझिओंच्या शेवटच्या हिवाळ्यात गोनारियोनं हौसेनं चौघांच्या तोंडासमोर चार माइक टांगून एक गाणं टिपून घेतलं होतं. मेंढरांची लोकर कातरायच्या दिवसांत बाकीझिओ कुरणातच कोसळले. गाणं राहिलं, माणूस गेला.

गोनारियोनं घरी आल्याआल्या संगणक उघडून मला आत बसवलं. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं, मधोमध आईची खुर्ची मांडली आणि सुतळीनं मोजून चारही स्पीकर तिच्यापासून सारख्या अंतरावर ठेवले. दोन समोर, दोन मागे. हिरव्या भोकातून पुढच्यांची वायर, काळ्यातून मागच्यांची. स्पीकरांबरोबर खर्जासाठी एक ठोकळ्यासारखं खोकंही आलं होतं. गोनारियोला वाटलं, बाबांचा आवाज सगळ्यात खालचा, तेव्हा त्यांची जागा याच खोक्यात. त्यानं ते नारिंगी भोकात जोडलं आणि गाणं लावलं.

"हे तुझे बाबा?" मिन्तोनियाबाई म्हणाल्या. "मला तर कचऱ्याचा ट्रक चढण चढतोय असं वाटतंय."

शेजारचे तोतोनीकाका दारात उभे होते. गाण्यात पहिली ओळ उचलायचे ते हेच. "वहिनी, गाताना तो अर्धा ट्रकच असायचा," ते म्हणाले. "पण हा रिकामा ट्रक आहे. गोनारियो, लेका, त्याच्या खर्जावर एक बारीकशी शिट्टी तरंगायची. तुझ्या या खोक्यानं ती गिळून टाकली."

बाकीझिओ गेल्यापासून त्या घरात तिघंही पहिल्यांदा हसले. हसता हसता तोतोनीकाकांनी टोपी काढून डोळे पुसले.

गोनारियोनं कपाळावर हात मारला. खोकं बाजूला केलं आणि वडिलांना एक अख्खा स्पीकर दिला. पण कुठला? आईनं मागे, डावीकडे, चुलीच्या बाजूला बोट दाखवलं. "गाताना तिथंच उभे राहायचे ते. थंडी फार वाजायची त्यांना."

गाणं पुन्हा लागलं. समोरून तोतोनीकाकांची ओळ आली, संपली. मग चौघांचा गोल जमला आणि मिन्तोनियाबाई त्याच्या बरोब्बर मधोमध होत्या. त्यांनी गर्रकन मान वळवली, मागे, डावीकडे.

"आले," त्या म्हणाल्या. "गोनारियो, त्यांनी श्वास घेतला रे. मी ऐकला."

मित्रांनो, त्या दिवशी मी स्वतःला भाग्यवान समजलो.

सुतकाच्या घरात गाणं वाजवणं गावाला खपत नाही, आणि इथल्या विधवेचं सुतक तिच्याबरोबरच संपतं. म्हणून मिन्तोनियाबाई दुपारी भांडी आवरली की खिडक्या लावून घेत, खुर्ची मधोमध ओढत आणि बसत. तोतोनीकाका पुन्हा कधी ऐकायला आले नाहीत. "त्याचा आवाज आणि माझा, आणि तो नाही. मला नाही झेपत वहिनी," असं ते एकदाच म्हणाले. पुढे तेही गेले. त्यानंतर तर मिन्तोनियाबाईंना दोन माणसं भेटवायची असत, आणि मी ती रोज भेटवत असे.

गोनारियोला समुद्रापलीकडे तोरीनोत नोकरी लागली. संगणक म्हातारा झाला, त्याचा पंखा गाण्यापेक्षा मोठ्यानं कण्हू लागला. माझ्या अंगावर धुळीचा थर चढला, तरी मी एकाही आवाजाला वाट चुकू दिली नाही. मग एका ईस्टरला गोनारियो नवा पातळ संगणक घेऊन आला. बाजूला दोन इवलेसे स्पीकर.

"आता कार्डबिर्ड लागत नाही आई. सगळं आतच असतं."

"मागचे दोन नकोत का?"

"अगं, या दोघांतच चौघं मावतात. आता कशाला हवा तो वायरींचा गुंता?"

त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. महिनोन्महिने पैसे साठवून त्यानं ते यंत्र आणलं होतं. त्यानं मला काढलं, फुंकर मारली, डब्यात घातलं आणि तो डबा चुलीजवळच्या फडताळावर ठेवला. बाहेर त्याला ओल्बिया बंदरावर पोचवणारी मोटार भोंगा वाजवत होती. बोट चुकायला नको होती. घाईघाईनं त्यानं गाणं लावलं. तोतोनीकाकांची ओळ एकटी, धारदार, पाण्यासारखी स्वच्छ आली.

"बघ, कसा खणखणीत आहे!" तो म्हणाला आणि आईचे दोन्ही गाल चुंबून पळाला.

ओळ अजून संपली नव्हती, मित्रांनो. तिघांनी अजून तोंड उघडायचं होतं.

दार लागलं, ओळ संपली आणि फक्त वारा आला. मेंढरू आलं नाही. बैल आला नाही. त्या नव्या यंत्राला दोनच वाटा ठाऊक होत्या, मागच्या दोघांना त्यानं दाराबाहेरच ठेवलं होतं. मिन्तोनियाबाईंनी मान मागे, डावीकडे वळवली. मग त्यांनी गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल कोमट करून कानात घातलं. पुढे त्या स्पीकरला कान चिकटवून बसू लागल्या. रविवारी गोनारियोचा फोन आला.

"नीट ऐकू येतंय ना आई?"

"येतंय की. छान येतंय."

"बाबा?"

"तेही." त्यांचा आवाज हलला नाही. "तू जेवतोस ना वेळेवर?"

फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या. "कान गेले म्हटलं तर हा मला उचलून तोरीनोला नेईल," त्या भिंतीशी बोलावं तशा बोलल्या. "आधी माणूस गेला. आता कानातूनही गेला."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मिन्तोनियाबाई, तुमचे कान शाबूत आहेत! बाकीझिओ हरवलेले नाहीत, ते त्याच गाण्यात आहेत, फक्त त्यांना बाहेर यायला दार नाही! पण पत्र्याच्या डब्यातल्या कार्डाचं कोण ऐकणार? त्या खिडक्या बंद असत, त्यामुळे 'अहो बाई, गाण्यात दोघंच आहेत' असं सांगणारा शेजारीपाजारीही कोणी नव्हता. नवऱ्याचा आवाज विसरण्याचा दोष त्या रोज स्वतःच्या माथी घेत होत्या.

मग एका दुपारी त्यांनी गाणं लावलं, पण त्या खुर्चीत बसल्या नाहीत. काठी टेकत चुलीच्या बाजूला आल्या. बाकीझिओ उभे राहायचे तिथं उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात असा बाजूला धरला, जणू कोणाच्या खांद्यावर ठेवलाय. तोतोनीकाकांची ओळ संपली. ज्या गोलात बाईला जागा नव्हती, त्यात थरथरत्या, फाटक्या आवाजात मिन्तोनियाबाई शिरल्या, "बिम्... बाम्... बो..."

खर्ज काही लागेना. पुढच्या ओळीला त्यांनी हनुवटी छातीला टेकवून पुन्हा प्रयत्न केला. शेवटपर्यंत केला. गाणं संपल्यावर त्यांनी बाजूला धरलेला हात खाली घेतला.

"मला नाही रे तुझ्याइतकं खाली जाता येत, बाकीझिओ," त्या म्हणाल्या.

आता हे रोज चालतं. गोनारियो नाताळला येईल म्हणतात. आला तरी काय सांगावं, कदाचित पुन्हा घाईतच असेल.

मित्रांनो, जुनं काढून नवं जरूर बसवा. मला डब्यात ठेवलंत तरी माझी हरकत नाही. पण बसवून दिलंत की लगेच निघू नका. ज्याच्यासाठी बसवलं त्याच्याशेजारी गाणं संपेपर्यंत बसा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. बोट काय, दुसऱ्या दिवशीही सुटते.